आयनोड बारीक करून किती मेमरी वाचेल?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत तुम्ही यंत्रमागांची माहिती गोळा करणारा गेटवे, म्हणजे छोटा लिनक्स संगणक, बसवता. २५६ एमबी रॅम, चार कोअरचा ६४-बिट एआरएम प्रोसेसर, फाईलसिस्टीम (डिस्कवर फाईल्स ठेवायची पद्धत) ईएक्सटी४. एका गेटवेला ४० माग. प्रत्येक मागाची दर मिनिटाला एक फाईल आणि माग चालू झाल्यापासून दर तासाला एक नवं फोल्डर. सिंकचा प्रोग्रॅम प्रत्येक फोल्डरवर आयनोटिफायचा वॉच (फोल्डरात बदल झाला की कळवणारी, लिनक्सच्या गाभ्याची म्हणजे कर्नलची सोय) लावतो आणि नवी फाईल दिसली की सर्व्हरला पाठवतो. आठ-नऊ दिवसांनी सगळं अडकतं, रीबूट केलं की सुरळीत. कर्नलची मेमरी कुठे गेली हे दाखवणाऱ्या स्लॅबटॉपमध्ये सगळ्यात वर ईएक्सटी४ची आयनोड कॅश (आयनोड म्हणजे एका फाईलची किंवा फोल्डरची कर्नलकडची नोंद), तिच्याखाली डेंट्री (नावावरून आयनोड शोधून देणारी नोंद). साहेब म्हणाले, कर्नलची मेमरी कमी करा. तुम्ही पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं साधन) चालवलं, आयनोडच्या स्ट्रक्चरमध्ये मिळून २० बाईट्सची भोकं, म्हणजे फील्ड्समधली रिकामी जागा, दिसली, आणि आता फील्ड्स हलवून ती बुजवू का, असं विचारताय.

जाता जाता तुम्ही दोन वाक्यं लिहिली आहेत. लॉगमध्ये मधूनच ‘डिव्हाईसवर जागा शिल्लक नाही’ असं येतं, पण डिस्क निम्मी रिकामी असते. आणि काही युनिट्समध्ये हा त्रास अजिबात होत नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रश्नात हीच दोन वाक्यं सोन्याची आहेत. त्यांच्याकडे येतोच.

मी सतरा-अठरा वर्षं कमी रॅमच्या डिव्हाईसवर कर्नलचं काम करतोय. आधी पुण्यात होतो, आता होटगी रोडवरच्या घरातून करतो. या काळात ‘स्ट्रक्चर बारीक करू का’ हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. दर वेळी मी आधी एक गुणाकार मांडायला लावतो: एका वस्तूचा आकार गुणिले वस्तू किती. आकार कमी करणं कष्टाचं असतं आणि त्यातून दोन-चार टक्के सुटतात. संख्या कमी करणं बहुधा सोपं असतं आणि त्यात शंभरपट फरक पडू शकतो.

तुमचा गुणाकार असा. ४० माग, दिवसाचे १,४४० मिनिट, म्हणजे रोज ५७,६०० फाईल्स. माझ्याकडच्या एका ६४-बिट कर्नलवर ईएक्सटी४चा एक आयनोड मेमरीत १,०९६ बाईट्स घेतो. तुमच्याकडे आवृत्ती आणि कॉन्फिगप्रमाणे थोडा इकडेतिकडे असेल. डेंट्री १९२ बाईट्सची. दोन्ही मिळून १,२८८. म्हणजे एका दिवसाच्या फाईल्स मेमरीत राहिल्या तर ७० एमबीच्या वर गेलात. २५६ एमबीच्या यंत्रात!

पण थांबा, हा आकडा स्वतःहून घाबरण्यासारखा नाही. आयनोड आणि डेंट्री यांची ही कॅश आहे. मेमरीची चणचण भासली की कर्नल त्यातले वापरात नसलेले टाकून देतो. कर्नलच्या मेमइन्फो या फाईलमध्ये त्यासाठी ‘एस-रिक्लेमेबल’ अशी वेगळी ओळ असते. ‘फ्री’चा आकडा कमी दिसतो म्हणून धावपळ करणारे मी खूप पाहिलेत. बघायचा आकडा ‘मेम-अव्हेलेबल’चा. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा: कॅश वाढते हे ठीक, पण मागितल्यावर ती परत का मिळत नाही?

याचं उत्तर तुमच्या सिंक प्रोग्रॅममध्ये असावं असा माझा दाट संशय आहे. आयनोटिफायने एखाद्या फोल्डरवर वॉच लावला की त्या फोल्डरचा आयनोड मेमरीत खिळून बसतो. वॉच निघेपर्यंत किंवा फोल्डर डिलीट होईपर्यंत कर्नल त्याला हात लावू शकत नाही. ‘रिक्लेमेबल’ या नावाखाली मोजला जातो, पण रिक्लेम होत नाही.

एका फोल्डरचा एक आयनोड, एक केबी, त्यात काय मोठं? मोठं असं, की आयनोड एकेकटे ठेवले जात नाहीत. स्लॅबमध्ये, म्हणजे एकाच आकाराच्या वस्तूंसाठी घेतलेल्या मेमरीच्या गठ्ठ्यात, ठेवले जातात. ईएक्सटी४ आयनोडचा स्लॅब बहुधा ८ पानांचा, म्हणजे ३२ केबीचा असतो आणि त्यात १,०९६ बाईट्सचे २९ आयनोड बसतात. आपल्याकडच्या गोदामात टॉवेलच्या गाठी खणांत लावतात तसं समजा. मालकाला खण दुसऱ्या मालासाठी हवा असेल तर तो पूर्ण रिकामा झाला पाहिजे. २८ गाठी गेल्या आणि एक कुणाच्या तरी नावाने अडकून राहिली, तर खण अडकलेलाच. स्लॅबही असाच. २८ फाईल्सचे आयनोड सुटले आणि एक फोल्डरचा खिळलेला राहिला, तरी ३२ केबी कर्नलला परत मिळत नाहीत.

आता तुमची रचना यात बसवून बघा. मागांचे तास वेगवेगळ्या मिनिटाला सुरू होतात, म्हणून फोल्डर एकदम तयार होत नाहीत. साधारण दर दीड मिनिटाला एक फोल्डर आणि दोन फोल्डरांच्या मध्ये साठेक फाईल्स. साठ फाईल्स म्हणजे दोन स्लॅब. थोडक्यात, प्रत्येक खिळलेला आयनोड आपापल्या वेगळ्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो. मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं बेमालूम विखुरता आलं नसतं. दिवसाला ४० गुणिले २४ म्हणजे ९६० फोल्डर. प्रत्येकाने ३२ केबी अडवले तर रोज ३० एमबी. प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, कारण नवे आयनोड आधी अर्धवट रिकाम्या स्लॅबमध्ये बसवले जातात, नव्या पानांची मागणी नंतर होते. पण वाढ होते ती होतेच. आणि स्लॅबची ही मेमरी स्वॅपमध्ये जात नाही, त्यामुळे झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) लावूनही सुटका नाही.

आता ते ‘जागा शिल्लक नाही’. एका युजरला किती वॉच लावता येतात यावर मर्यादा असते. जुन्या कर्नलमध्ये ती ८,१९२ असायची. आवृत्ती ५.११ पासून रॅम पाहून ठरते, पण २५६ एमबीवर हिशेब खालच्या सीमेलाच टेकतो आणि ती सीमा पुन्हा ८,१९२च. गंमत म्हणजे हा हिशेब करताना कर्नलने स्वतःच एका वॉचची किंमत दोन आयनोड आणि वर थोडं अशी धरली आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांना खिळलेल्या आयनोडची पूर्ण कल्पना होती. ही मर्यादा संपली की वॉच लावताना जी चूक परत येते, तिचा मजकूर डिस्क भरल्याच्या चुकीचाच असतो. ८,१९२ भागिले ९६०: साडेआठ दिवस. तुमचे ‘आठ-नऊ दिवस’ इथून आले असावेत.

आणि काही युनिट्समध्ये त्रास का नाही? तिथे इन्व्हर्टर आहे का, विचारा. माझा अंदाज, नसेल. साप्ताहिक सुट्टीला मेन स्विच खाली पडतो, गेटवे बंद होतो, दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत सुरू होतो. आठ दिवस पूर्णच होत नाहीत. तुम्ही मे महिन्यातल्या उकाड्यावर संशय घेतलाय तो चुकीचा म्हणत नाही, सोलापूरचं ऊन मलाही माहीत आहे, पण उन्हाने अडकणारं यंत्र बरोबर साडेआठ दिवस मोजत बसत नाही.

हा झाला अंदाज. तो खरा की खोटा हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. प्रॉकखाली तुमच्या सिंक प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरात आयनोटिफायच्या डिस्क्रिप्टरची फाईल उघडा. प्रत्येक वॉचची एक ओळ दिसेल. ओळी मोजा. मग स्लॅबइन्फोमध्ये ईएक्सटी४ आयनोड कॅशचे चालू ऑब्जेक्ट आणि एकूण ऑब्जेक्ट लिहून ठेवा. सिंक कमांड देऊन ड्रॉप-कॅशेसमध्ये २ लिहा (२ म्हणजे डेंट्री, आयनोड यांसारखी स्लॅबमधली कॅश टाकून द्यायची), आणि तेच आकडे पुन्हा बघा. चालू ऑब्जेक्ट धपकन खाली आले पण एकूण फारसे हलले नाहीत, तर स्लॅब अडकलेत हे नक्की. दोन्ही खाली आले तर माझा अंदाज चुकला. दोन्ही वरच राहिले तर फाईल्स कुणीतरी उघड्या धरून ठेवल्या आहेत, ते शोधा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ओओएम किलरची (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाची) ओळ आहे का तेही पाहा. नसेल तर यंत्र मेमरीने मेलेलंच नाही, वॉच संपल्यावर तुमचा प्रोग्रॅम रडत बसलाय, इतकंच.

ड्रॉप-कॅशेस क्रॉनमध्ये टाकून रोज रात्री चालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. थर्मामीटर ताप मोजायला असतो, रोज सकाळ-संध्याकाळ चाटायला नसतो. शिवाय खिळलेल्या आयनोडवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

आता आकाराकडे वळू, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता आणि तो वाईट प्रश्न नाही.

भोकं का पडतात हे तुम्हाला माहीत असेल. चार बाईट्सच्या आकड्यानंतर आठ बाईट्सचा पॉइंटर आला की मधले चार बाईट्स कंपायलर रिकामे सोडतो. दोन चार-बाईटवाले शेजारी आणले की भोक बुजतं. पण वाचलेला प्रत्येक बाईट मेमरीत उतरत नाही. तुमच्या स्लॅबमध्ये ३२,७६८ बाईट्स आहेत. १,०९६चे २९ बसतात. आकार ८ने कमी करून १,०८८ केला तर ३० बसतात. छान. पण ३१ बसवायचे असतील तर १,०५६वर यावं लागेल, म्हणजे आणखी ३२ बाईट्स. मधे कुठेही थांबलात, समजा १,०७२ला, तर हाती तेच ३०. तुमच्या २० बाईट्सच्या भोकांपैकी पहिल्या ८ला भाव आहे, उरलेल्या १२ला शून्य. जिन्याच्या अर्ध्या पायरीवर पाय ठेवता येत नाही.

म्हणून मी भोकांच्या आधी कॉन्फिग बघतो. सगळ्यात आधी डीबगचे पर्याय. लॉकडेप (लॉकच्या चुका शोधणारी डीबगची सोय) चालू राहिलेला कर्नल ग्राहकाकडे गेलेला मी दोनदा पाहिलाय. एरवी चार बाईट्सचा असणारा स्पिनलॉक त्यात कितीतरी पट फुगतो आणि आयनोडमध्ये लॉक एक-दोन नसतात, चांगले अर्धा डझन असतात. नंतर कोटा. मागाच्या गेटवेवर कोण कुणाला डिस्क कोटा देणार आहे? पण कोटा चालू असेल तर ईएक्सटी४च्या प्रत्येक आयनोडमध्ये तीन पॉइंटर आणि एक आठ बाईट्सचा आकडा, मिळून ३२ बाईट्स पडून असतात. हे ३२ आणि भोकातले ८ असे ४०. १,०९६ वजा ४० म्हणजे बरोबर १,०५६. एका ठिकाणी एक ओळ बंद, एक फील्ड हलवलं, आणि २९चे ३१ झाले. सुमारे ७ टक्के. आकार कमी करण्यातून तुमच्यासारख्या कामात मिळेल ते एवढंच, आणि त्यातला निम्मा वाटा सोर्सला हात न लावता.

डेंट्रीच्या वाटेला मात्र जाऊ नका. १९२ म्हणजे ६४ बाईट्सच्या बरोबर तीन कॅश लाईन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो तो तुकडा), आणि हा आकार मुद्दाम जुळवलेला आहे. बाकीच्या फील्ड्सनंतर जेवढी जागा उरते तेवढी फाईलच्या छोट्या नावासाठी ठेवलेली असते. फाईल शोधताना लागणारी फील्ड्स पुढे एकत्र ठेवलीत. १८४ केलंत तर ४,०९६ बाईट्सच्या पानात २१ऐवजी २२ बसतील हे खरं, पण मग बहुतेक डेंट्री कॅश लाईनच्या मधूनच सुरू होतील. प्रत्येक पाथ शोधताना त्याची किंमत मोजावी लागेल. त्यापेक्षा फाईलची नावं छोटी ठेवा. तुमची नावं ४३ अक्षरांची आहेत: शहर, युनिट, माग, तारीख, वेळ, सगळं त्यातच. आतली जागा आवृत्तीप्रमाणे ३२ किंवा ४० बाईट्सची असते. नाव त्यात मावलं नाही की त्याच्यासाठी वेगळी मेमरी घेतली जाते आणि तुमच्या लांबीला ती किमान ६४ बाईट्सची पडते. प्रत्येक डेंट्री किमान एक-तृतीयांशाने महाग झाली. तारीख आणि माग फोल्डरच्या नावात आहेच, ती पुन्हा फाईलच्या नावात कशाला? (देवनागरी नावं ठेवायचा विचार असेल तर आणखी जपून. यूटीएफ-८मध्ये आपलं एकेक चिन्ह तीन बाईट्सचं, नुसतं ‘सोलापूर’ २१ बाईट्स खातं.)

मोठे लोक हे काम कसं करतात ते पाहण्यासारखं आहे. लिनक्स २.४मध्ये आयनोडच्या आतच सगळ्या फाईलसिस्टीमच्या खासगी माहितीचं एक युनियन होतं. युनियन म्हणजे त्यातल्या सगळ्यात जाड्या सदस्याएवढी जागा सगळ्यांनाच. साध्या फाईलसिस्टीमचा आयनोडही उगाच जाडा. २.५च्या काळात हे उलटं केलं: प्रत्येक फाईलसिस्टीमने आपलं स्ट्रक्चर बनवायचं आणि सामाईक आयनोड त्याच्या पोटात ठेवायचा. ज्याची गरज त्याचाच खर्च. २०२५मध्येही तोच विचार दिसतो. एन्क्रिप्शन आणि व्हेरिटीचे पॉइंटर सामाईक आयनोडमधून काढून, ज्या फाईलसिस्टीम ते वापरतात त्यांच्याच स्ट्रक्चरमध्ये नेले. फाईल लॉकची माहितीही अशीच: आयनोडमध्ये फक्त एक पॉइंटर, आणि खरोखर कुणी लॉक लावला तरच पुढची मेमरी. क्वचित लागणारी गोष्ट बाहेर ठेवायची, ही रीत भोकं बुजवण्यापेक्षा जास्त देते. पण ती तुम्ही कारखान्याच्या गेटवेसाठी एकट्याने करायची गोष्ट नाही.

का नाही, त्याचा माझा स्वतःचा किस्सा. एका डिव्हाईसमध्ये मी पॉसिक्स एसीएल (फाईलच्या परवानग्यांच्या जादा याद्या) बंद केलं. प्रत्येक आयनोडमागे दोन पॉइंटर, १६ बाईट्स वाचले, मी खूश. त्यात एका सिरीयल कार्डचा ड्रायव्हर होता. पुरवठादाराने सोर्स दिला नव्हता, तयार मॉड्यूल दिलं होतं, आणि सिम्बॉलच्या आवृत्त्या तपासण्याचा पर्याय कॉन्फिगमध्ये बंद होता. मॉड्यूल बिनतक्रार लोड झालं. पण पोर्ट उघडायला गेलं की कधी चालायचं नाही, कधी यंत्रच झोपायचं. दोन रात्री गेल्या. ड्रायव्हर आयनोडमधून पोर्टचा मायनर नंबर वाचत होता, जुन्या जागेवरून. एसीएलचे पॉइंटर स्ट्रक्चरमध्ये त्याच्या आधी येतात, ते गेल्यामुळे पुढचं सगळं १६ बाईट्सने वर सरकलं होतं. जुन्या जागेवर आता होती फाईलला शेवटचा हात लागल्याची वेळ. बिचारा ड्रायव्हर घड्याळातले सेकंद पोर्ट नंबर म्हणून वाचत होता. तुमच्या गेटवेतल्या मोडेमचं मॉड्यूल तयार आलं असेल तर सामाईक आयनोडला हात लावू नका. कोट्याची ती ३२ बाईट्स ईएक्सटी४च्या स्वतःच्या भागात आहेत, त्यांचा मोडेमशी संबंध येत नाही.

एक पर्याय परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रोसेसर ३२-बिट कर्नल चालवू शकत असेल आणि बाकीचं सॉफ्टवेअर तसं मिळत असेल, तर पॉइंटर निम्मे होतात. आयनोड म्हणजे बहुतांश पॉइंटर आणि लिस्टच, त्यामुळे फरक ठळक दिसतो. २५६ एमबीला ६४-बिटची तशी गरजही नाही. पण फील्डमध्ये शेकडो डिव्हाईस आधीच बसले असतील तर या फंदात पडू नका.

बूटच्या वेळी घेतले जाणारे हॅश टेबल कमी करायचं कुणी सुचवलं तर सोडून द्या. २५६ एमबीवर डेंट्रीचं टेबल २५६ केबीच्या आसपास असतं. त्यातून किती वाचवणार?

तर मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. आधी वॉच. फोल्डरचा तास संपला आणि शेवटची फाईल गेली की त्याचा वॉच काढून टाकायचा. कोडमध्ये पाच-सात ओळींचं काम. मग कोणत्याही क्षणी चाळीसच वॉच जिवंत राहतील. कर्नल ५.१९ किंवा पुढचा असेल तर आयनोटिफायच्या भावंडात, फॅनोटिफायमध्ये, आयनोडला न खिळवणारा वॉचही मिळतो, पण तुमच्या कामाला तेवढी गरज वाटत नाही. मग संख्या. मिनिटाला एक फाईल कशाला? एका मागाची दिवसाला एक फाईल ठेवा आणि तिच्यात ओळी जोडत जा, किंवा एसक्यूलाईट हा छोटा डेटाबेस वापरा. ५७,६००च्या जागी ४०. डिस्कवरच्या ब्लॉकचीही बचत होईल, कारण दोनशे बाईट्सच्या फाईललाही ईएक्सटी४ सहसा ४ केबीचा अख्खा ब्लॉक देतो. सर्व्हरवाले ‘आम्हाला सुट्या फाईल्सच हव्यात’ म्हणून अडून बसले असतील तर व्हीएफएस कॅश प्रेशर ही कर्नलची सेटिंग १००वरून २००च्या आसपास न्या. कर्नल आयनोड थोडे लवकर टाकायला लागेल. शून्य मात्र कधीही करू नका, मग तो टाकतच नाही. लॉकडेप आणि कोटा पुढच्या फर्मवेअरबरोबर बंद करा. भोकं राहू द्या. पाहोल चालवलंत म्हणजे हात शिवशिवताहेत हे कळतंय, पण तो पॅच पुढच्या प्रत्येक कर्नल आवृत्तीला तुम्हालाच पुन्हा बसवत बसावं लागेल.

वॉचच्या ओळी किती निघाल्या आणि ड्रॉप-कॅशेसच्या आधीचे-नंतरचे आकडे काय आले ते इथेच लिहा. आणि नवा प्रोग्रॅम आधी इन्व्हर्टर असलेल्या युनिटवर लावा. बाकीच्या ठिकाणी सुट्टीला मेन स्विच पडेल आणि काही न बदलताही सगळं चांगलंच चाललंय असं दिसेल.